खालची चौकट

सोलापूर, १२ नोव्हेंबर २०२४

भार्गवी,

तुझं म्हणणं, मी फोनवर बोलत नाही, ओरडतो. म्हणून संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत फोन बंद, मेसेज बंद, जे काय आहे ते कागदावर. ठीक आहे, लिहितोय. शाई, कागद, पोस्टाचं पाकीट, सगळं आणलं. कॉलेजच्या प्रॅक्टिकलचं जर्नल परीक्षकाच्या टेबलावर फाडून आलो त्याला तीन वर्षं झाली, त्यानंतर आज पहिल्यांदा हातात पेन धरलंय. बोटं दुखायला लागली तर तुझ्या नावावर.

आधी कामाचं सांगतो, कारण डोकं तापलंय. तुझी कंपनी माणसं कुठून गोळा करते? काल तुमच्या पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग आमच्या वर्कशॉपात आलं. एकशेऐंशी नग. ओतीव झाकण, मधोमध एक मोठं भोक, त्यातनं पंपाचा दांडा जाणार. विषय संपला की नाही? नाही! त्या एका भोकाच्या मापाखाली दोन चौकटी, एकीखाली एक. वरच्या चौकटीत जागेची खूण आणि सूट पॉइंट तीन मिलिमीटर. खालच्या चौकटीत काटकोनाची खूण आणि सूट पॉइंट शून्य चार. अरे, भोक एकच आहे ना? मग एक काय ते सांगा. सूट द्यायची तर द्या, नाहीतर देऊ नका. एका हातानं द्यायचं आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचं, ही कुठली रीत? कुठल्या गाढवानं काढलंय ते जरा चौकशी करून कळव.

मी माझ्यापुरतं उत्तर काढलंय. पॉइंट तीन मोठं, पॉइंट शून्य चार लहान. लहान डबा मोठ्या डब्यात बसतोच. वरची चौकट सांभाळली की खालची आपोआप सांभाळली जाते.

मालकांना, म्हणजे आमच्या ईश्वरप्पा अण्णांना, विचारणार होतो. पण म्हातारा वाटीत विभूती कालवत बसला होता. तुला माहीत नसेल, आमच्याकडं नवं ड्रॉइंग आलं की मशीनला लावायच्या आधी अण्णा त्यावर ओल्या विभूतीची तीन बोटं ओढतात. सुकली की प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून मशीनशेजारी टांगतात. काल बोटं नेमकी भोकावरनं गेली. सुकल्यावर बघतो तर खालची चौकट गुडूप! अण्णा म्हणाले, ‘शंकराची सही झाली बग.’ मी काही बोललो नाही. मनात म्हटलं, देवानंच खोडली, बरं झालं.

आता खरं विचारतो. जत्रेला घरी येशील तेव्हा माझं नाव घरी सांगशील का? दोन वर्षं झाली, दर वेळी ‘बघू’. मला कळतं गं. मी डिग्री अर्धी सोडलेला, अंगाला मशीनच्या तेलाचा वास येणारा. तुझे बाबा हेडमास्तर. पण हो की नाही, एवढं तरी लिही. जेवताना, मशीनवर, सात रस्त्याच्या सिग्नलला, सगळीकडं हेच डोक्यात असतं. काल लाल सिग्नल सुटल्यावर मागचा रिक्षावाला ओरडला, ‘ओ दादा, लगीन लागलं, चला आता!’

उत्तराची वाट बघतोय. तुझाच (तू मान किंवा मानू नकोस),
गुरुशांत

पुणे, १६ नोव्हेंबर

गुरुशांत,

ते गाढव मी आहे.

झाकणाचं ड्रॉइंग मी तपासलंय आणि खालची चौकट मीच घातली आहे. आता रागावू नकोस, नीट वाच. वरची चौकट सांगते, भोक कुठं असावं. कडांपासून जरा इकडं तिकडं सरकलं तरी झाकण बसतं, म्हणून तिथं पॉइंट तीनची सूट दिली. खालची चौकट सांगते, भोक तळावर किती सरळ उभं असावं. जागा अगदी बरोबर असूनही भोक तिरकं असू शकतं. मग दांडा तिरका बसतो, सील खातो आणि पंप गळतो. गेल्या वर्षी एका खेड्यातले सहा पंप गळून परत आले, त्यानंतर ही चौकट आली. वरच्या चौकटीनंही थोडा सरळपणा येतो, पण तो पॉइंट तीनपर्यंतचाच. मला तेवढा पुरत नाही. दोन्ही अटी एकाच भोकाला एकाच वेळी लागू आहेत. एक पाळली म्हणून दुसरी माफ होत नाही.

म्हणून आधी तळ मशीनवर सपाट, साफ कर, त्या साफ तळावर झाकण बसव आणि मगच भोक मार. ओतून आलेल्या कच्च्या अंगावर बांधून मारलंस तर लॉट गेला. काम सुरू केलं असशील तर लगेच थांबव आणि मला फोन कर. नियम मोडला तरी चालेल.

घरचं. तुला वाटतं बाबा शिक्षण विचारतील. नाही विचारणार. आमच्याकडं ताईसाठी स्थळं यायची तेव्हा त्यांनी प्रत्येकाबद्दल एकच प्रश्न विचारला होता: ‘मुलगा चुकल्यावर काय करतो?’ चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस आहे. मला हाच प्रश्न ते विचारणार, आणि तुझ्याबाबतीत मला फक्त फाडलेलं जर्नल आठवतं. उत्तर सापडलं की त्याच दिवशी सांगेन. मलाही सांगायचंच आहे रे.

भार्गवी

सोलापूर, २ डिसेंबर

भार्गवी,

झालं तुझ्या मनासारखं? लॉट परत आला. एकशेऐंशीपैकी एकशे एकोणचाळीस नग नापास. प्रत्येकावर लाल स्टिकर. टेम्पोतनं उतरवताना असं वाटत होतं, की सगळ्या झाकणांना गोवर आलाय.

भोकं जागेवर आहेत, एकूण एक! पॉइंट तीनच्या आतच काय, पॉइंट एकच्या आत आहेत. तुमच्याच रिपोर्टात लिहिलंय. नापास का, तर तिरकी. कुणाचा पॉइंट शून्य आठ, कुणाचा पॉइंट एक. केसाएवढा तिरकेपणा, त्यासाठी आमची दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात.

आणि ती चौकट आम्हाला दिसलीच नव्हती. विभूतीखाली गेली होती. अण्णांना हे मी दाखवलं तेव्हा त्यांनी पाकिटातनं कागद काढला, ट्यूबखाली धरला, नखानं विभूती खरवडली. खालून चौकट निघाली. मग मला म्हणाले, ‘माज्याच बोटानं झालं की रं हे.’ काल त्यांनी तुमच्या कंपनीला पत्र पाठवलंय, की चूक माझी आहे, पोरांची नाही. पंचवीस वर्षांत एक लॉट परत आला नव्हता त्यांचा.

तुझं पत्र मला उशिरा मिळालं. तोवर भोकं मारून झाली होती.

आता एकच उपाय आहे आणि तो तुझ्या हातात आहे. ड्रॉइंगवर खालच्या चौकटीतला आकडा बदल. शून्य चारच्या जागी पॉइंट पंधरा कर. सगळा लॉट पास. तुझ्या कॉम्प्युटरवर चार क्लिकचं काम आहे. मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही. माझ्यासाठी नको तर त्या म्हाताऱ्यासाठी कर. सकाळी वर्कशॉपात येतात, स्टुलावर बसतात, कुणाशी बोलत नाहीत.

जत्रेला दीड महिनाही उरला नाही.

गुरुशांत

पुणे, ६ डिसेंबर

गुरुशांत,

अण्णांचं पत्र माझ्या टेबलावर आहे. आमच्या विभागात येणारी सगळी पत्रं मीच वाचते. त्यात लिहिलंय: ‘सदर चूक माझ्या हातून घडली असून त्यास माझे कामगार जबाबदार नाहीत. माझ्या वयाचा विचार करून पुढील काम बंद करू नये ही विनंती.’

त्याच टेबलावर, त्या पत्राशेजारी, तुझं बारा तारखेचं पत्र आहे. त्यात तू काय लिहिलंयस, आठवतं? दोन्ही चौकटी, दोन्ही आकडे. आणि विभूती पडल्यावर ‘मी काही बोललो नाही.’

माझं पत्र उशिरा मिळालं म्हणतोस. स्पीड पोस्ट होतं. अठरा तारखेला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, तुझी सही घेऊन दिलंय. मी आजच पोस्टाच्या साइटवर बघितलं.

आकडा बदलणार नाही. उद्या त्या झाकणाचा पंप गळला तर विहिरीवर उभ्या असलेल्या माणसाला कुठलं क्लिक दाखवू?

मी कंपनीत कुणाला काही सांगणार नाही, ते माझं काम नाही. पण बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, असं समजू का?

भार्गवी

सोलापूर, ९ डिसेंबर

समज! खुशाल समज! मी इथं माणूस बुडतोय म्हणून सांगतोय आणि तू पोस्टाची साइट बघतेस. वेळ लिहितेस, अकरा वाजून वीस मिनिटं! पोलीसखात्यात का नाही गेलीस? ठेव तुझी चौकट कवटाळून. तिच्याशीच लग्न कर. पॉइंट शून्य चारचा नवरा मिळतो का बघ सोलापूर जिल्ह्यात, टेंभुर्णीपासून मैंदर्गीपर्यंत.

मला परत पत्र पाठवू नकोस.

गु.

सोलापूर, २० डिसेंबर

भार्गवी,

तू खरंच पाठवलं नाहीस. अकरा दिवस झाले. पोस्टमन वर्कशॉपसमोरनं जातो तेव्हा मी मशीन बंद करतो, कारण आवाजात त्याची हाक ऐकू येणार नाही. काल तो स्वतःच थांबून म्हणाला, ‘आज बी काय न्हाय ओ. असतं तर देतो की, माज्या घरी ठिवून काय करू?’

एक गोष्ट सांगायची राहिलीय. तुझं सोळा तारखेचं पत्र मला अठरालाच मिळालं, हे खरं आहे. पण मी ते उघडलं नाही. पाच दिवस शर्टाच्या खिशात ठेवलं. आत ‘नाही’ लिहिलं असणार असं वाटलं. वाटलं, जोवर पाकीट बंद आहे तोवर नकार नाही. पाकीट हाताला लागायचं आणि मी पुढचा नग मशीनवर चढवायचो. अठराला पन्नासेक भोकं झाली होती. तेव्हाच उघडलं असतं तर उरलेल्या एकशेतीस नगांची भोकं सरळ मारता आली असती. उघडलं तेव्हा शेवटचा नग पुसत होतो. पाकिटाला घामाचे डाग पडले होते. वाचलं, घडी घातली आणि खिशात परत ठेवलं. म्हटलं, कुणाला काय कळतंय.

तीन आठवडे झाले, नवं ड्रॉइंग आलं तरी अण्णा विभूती लावत नाहीत. वाटी उलटी करून खिडकीत ठेवलीय. शिवप्पा, आमचा दुसऱ्या मशीनवरचा माणूस, त्यानं विचारलं, ‘अण्णा, आज इभूती?’ तर म्हणाले, ‘आता देवाला मदी आनायचं न्हाय.’ मी तिथंच उभा होतो.

मला तोंडानं सांगता येणार नाही. दोनदा प्रयत्न केला. एकदा घसा साफ केला तर ते म्हणाले, ‘सर्दी झाली काय रं तुला?’ आणि माझ्यासाठी सुंठीचा चहा मागवला. बोलायला लागलो की मी माझ्या बाजूनं वळवतो, मला माहीत आहे. शाळेतही वळवायचो, जर्नलच्या वेळीही वळवलं. कागद वळवता येत नाही. माझं बारा तारखेचं पत्र मला परत पाठव. अण्णांना वाचून दाखवतो.

ते नऊ तारखेचं फाडून टाक. नाहीतर नको. ठेव.

गुरुशांत

पुणे, २४ डिसेंबर

सोबत पत्र जोडलंय. त्यातला कुठलाही भाग गाळू नकोस.

भा.

सोलापूर, २ जानेवारी २०२५

भार्गवी,

‘कुठलाही भाग गाळू नकोस’! तुला लिहायला काय जातंय? तुझ्यावर वेळ आली असती म्हणजे कळलं असतं.

काल दुपारी जेवणं झाल्यावर अण्णांसमोर स्टूल ओढलं आणि म्हटलं, ‘अण्णा, एक पत्र वाचायचंय.’ शिवप्पाला बाहेर जा म्हटलं तर तो हलेना. म्हणाला, ‘मी बी ऐकतो की, पत्र म्हंजी मजा आसती.’

वाचायला लागलो. गाढवापर्यंत बरं चाललं होतं. मग आलं, ‘म्हातारा वाटीत विभूती कालवत बसला होता.’ मी थांबलो.

अण्णा म्हणाले, ‘म्हातारा म्हणलास व्हय? हाय की म्हातारा. वाच फुडं.’

पुढचं वाचलं. विभूती, गुडूप झालेली चौकट, ‘मी काही बोललो नाही’, ‘देवानंच खोडली, बरं झालं’. शिवप्पाचं हसू गेलं. अण्णांनी चष्मा काढला. मला वाटलं आता थांबावं, पण तू गाळू नकोस म्हटलं होतंस. म्हणून सगळं वाचलं. तेलाचा वास, हेडमास्तर, सात रस्त्याचा सिग्नल, रिक्षावाला, सगळं. आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नाही. ‘तुझाच, तू मान किंवा मानू नकोस’ हेही वाचलं. शिवप्पा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

अण्णांनी चष्मा परत घातला. मी वाट बघत होतो की ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. मग हळू म्हणाले, ‘महिना झाला, मी रोज देवाशी भांडतोय रं. तुज्याच नावाची इभूती, आन माजाच लॉट घालवलास म्हून. वाटी पालथी घातली. तू माजा लॉट घालवलास त्याचं काय न्हाय, लोखंड हाय ते. पर माजा देव घालवलास की तू, महिनाभर.’

पाया पडायला वाकलो तर पाय मागं घेतले. म्हणाले, ‘पडू नको. आदी काम कर.’

काम म्हणजे हे. मला मशीनवरनं काढलंय. मोजायच्या टेबलावर बसवलंय. नापास झालेला एकेक नग घ्यायचा, भोकात दांडा बसवून तळावर घड्याळासारखा डायल फिरवायचा, किती तिरका ते खडूनं लिहायचं. ज्याच्या तळाला अजून जाडी शिल्लक आहे, त्याचा तळ भोकाला धरून पुन्हा काटकोनात घासायचा. घासणार शिवप्पा, मी नाही. डायलची सुई किती हलते ते बघतो. तिरकं म्हणजे किती तिरकं, हे मला पहिल्यांदाच दिसतंय. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागत नाही, सुईला मात्र सगळं कळतं. कालपासून सत्तावीस नग मोजले. एकोणीस वाचतील, आठ भंगारात जातील.

तुमच्या कंपनीला दुसरं पत्र गेलंय. ते मी लिहिलंय, पहिलं चुकीचं होतं म्हणून. चौकट मला दिसली होती आणि मी विचारलं नाही, असं सरळ लिहिलंय. खाली माझी सही. अण्णा म्हणाले, ‘जोडीला माजी बी घे, नायतर त्यास्नी वाटंल तुला मी काडून टाकलं.’

तुझ्या बाबांना काय सांगायचं ते तू ठरव. मी आता विचारणार नाही. विचारून विचारून मीच कंटाळलोय. राग मात्र अजून आहे, तुझ्यावर, त्या सुईवर, सगळ्यात जास्त त्या खिशावर. तो शर्ट घालत नाही हल्ली.

गुरुशांत

सोलापूर, १० जानेवारी

गुरुशांत,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. तुझ्या वर्कशॉपात आलेय, अण्णांच्या स्टुलावर बसून लिहितेय. तू मोहोळला ओतकाम आणायला गेलास असं कळलं. बरं झालं. समोर असतास तर दोघंही ओरडलो असतो.

मी दारात उभी राहिले तर अण्णांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, ‘खालची चौकट तूच का गं?’ हो म्हटलं. म्हणाले, ‘लई बारीक हाय तुजा हिशोब.’ मग शिवप्पाला चहा सांगितला. तुझं टेबल बघितलं. झाकणांवरचे खडूचे आकडे बघितले. एका नगावर तू शून्य पाच लिहून खोडलंयस आणि शून्य सहा केलंयस. मी मोजून बघितलं, सहाच आहे.

मशीनशेजारी नवं ड्रॉइंग टांगलंय. त्यावर विभूती आहे. उजव्या कोपऱ्यात, जिथं काहीच छापलेलं नाही तिथं, तीन बोटं.

काल रात्री जेवणं झाल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी तोच प्रश्न विचारला. मला उत्तर देता येईना, म्हणजे आपल्या बाजूनं न वळवता देता येईना. म्हणून तुझं दोन तारखेचं पत्र त्यांच्या हातात दिलं. सगळं. म्हाताऱ्यापासून शर्टाच्या खिशापर्यंत. तू अण्णांसमोर वाचलंस, मग मीही गाळलं नाही.

बाबांनी लाल पेन घेतलं. अकरा चुकांवर गोल केले. ‘मुलाचं अक्षर वाईट आहे,’ म्हणाले. शेवटच्या पानावर आले तेव्हा पेनचं टोपण लावलं आणि ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आई पाणी घेऊन आली तर हातानंच थांब म्हणाले.

रविवारी पाच वाजता घरी ये. गड्ड्यावर जायच्या आधी. दुसरा शर्ट घाल.

तुझं ते पत्र मी बाबांकडं परत मागितलं, दिलं नाही. त्यांच्या कपाटात वरच्या खणात काही जुन्या विद्यार्थ्यांच्या वह्या त्यांनी जपल्या आहेत, चाळीस वर्षांतल्या सहा-सातच. त्यांवर ठेवलंय.

भार्गवी